उलट्या होडीचे मास्तर

आमचे मालवणचे घरमालक मास्तर होते, पण शाळेतले नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं घोटाळ्यात जाईल. आमचंही बरेच दिवस तसंच गेलं होतं.

ते मुंबई बंदरात टगवर मास्टर होते. टग म्हणजे ती छोटी दणकट बोट, जी मोठ्या जहाजाला दोर बांधून धक्क्यापर्यंत ओढत आणते. मुंबईला ते मास्टर होते, रिटायर होऊन गावी आले आणि एसटीतून उतरता उतरता मास्तर झाले. वाडीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी तर आपल्या दोन मुली गणिताच्या शिकवणीला पाठवल्या. मास्तरांनी त्या ठेवून घेतल्या. पहिल्या दिवशी दोराच्या गाठी शिकवल्या, दुसऱ्या दिवशी भरती-ओहोटी, आणि मग परीक्षेपर्यंत रोज भोंगा. एक लांब म्हणजे सुटलो. एक आखूड म्हणजे उजवीकडे वळतोय, दोन आखूड म्हणजे डावीकडे, तीन आखूड म्हणजे मागे येतोय. मुली गणितात पास झाल्या. कशा झाल्या ते कोणालाच माहीत नाही. मास्तरांनी श्रेय घेतलं नाही आणि नाकारलंही नाही.

हाच भोंगा त्यांच्या गाडीलाही लागू होता. गाडी इलेक्ट्रिक, पांढरी, मुंबईहून जुनी घेतलेली. आवाजच नाही म्हणून भोंगा जास्तच लागतो, असं त्यांचं म्हणणं. कणकवलीला हायवेच्या चौकात त्यांनी एकदा दोन आखूड दिले आणि डावीकडे वळले. रिक्षास्टँडवरच्या एकाला वाटलं आपल्यालाच बोलावतायत, तो रिक्षा घेऊन मागोमाग आला. मास्तरांनी गाडी थांबवून त्याला भोंग्याचे नियम सांगितले. सगळे. मी गाडीत होते, आणि गाडीच्या काचा बंद होत्या.

काचांचं असं की त्या कधीच उघडायच्या नाहीत. काच उघडली की वारा आत शिरतो, वारा शिरला की गाडी जड होते, जड झाली की करंट जास्त जातो. मग एसी लावायचा तर तोही करंट खातो. म्हणजे मे महिन्यात मास्तरांच्या गाडीतून जायचं ते घरून टॉवेल घेऊनच. त्यांना स्वतःला घाम यायचा नाही. डोक्यावर बंदरातली टोपी, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि नजर बॅटरीच्या आकड्यावर.

आम्ही म्हणजे मी आणि आई. बाबा नोकरीला मुंबईत, आणि आम्ही दोघी मास्तरांच्या घरात खालच्या खोल्यांत भाड्याने. वर मास्तर एकटे. आई खाजा करते. बेसनाच्या बोटाएवढ्या कांड्या तळायच्या आणि आलं घातलेल्या गुळात घोळवायच्या. जत्रेला गेलेला माणूस खाजा घेतल्याशिवाय घरी येत नाही, त्यामुळे आमच्याकडे जत्रेच्या आधी झोपायला जागा नसायची, सगळीकडे डबे.

तर मास्तरांचं दुःख. त्यांचं एकच दुःख होतं, की मागे काही नव्हतं. टगाच्या मागे कायतरी व्हया, म्हणायचे, नायतर तो नुसती भोंगो वाजवणारी होडी. म्हणून त्यांनी गाडीला ट्रेलर लावायचं ठरवलं. पहिला ट्रेलर पत्र्याचा, चौकोनी, कपाट आडवं टाकल्यासारखा. तो घेऊन कणकवलीला जाऊन आले आणि वर न जाता सरळ आमच्या पडवीत येऊन बसले. एका फेरीत दोन फेऱ्यांचा चार्ज संपला होता.

"वारो खाता," मला म्हणाले. "अर्धो करंट वाऱ्यान खाल्लो, गो."

त्यानंतर ते मासळी बाजारात जायला लागले. विकत काही घ्यायचे नाहीत. बांगड्याच्या पाटीसमोर उभे राहायचे आणि बघायचे. कोळणीने शेवटी विचारलं की मास्तर, घेणार आहात की ह्याच्याशी लग्न ठरवताय. मास्तरांनी एक बांगडा घेतला, घरी आणला, टेबलावर ठेवून चारी बाजूंनी पेन्सिलीने काढला, आणि मग आईला तळायला दिला.

मग त्यांनी कुठून तरी एक जुनी फायबरची होडी आणली. ती उपडी केली, खाली चाकांचा सांगाडा बसवला, एका बाजूला बिजागऱ्या लावल्या. होडी म्हणजे झाकण, आत माल. इथपर्यंत वाडीला पटलं होतं. पण मास्तरांनी ती होडी उलट्या तोंडाने बसवली. टोकदार नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, मागे, आणि रुंद बाजू पुढे, गाडीकडे. ती रुंद बाजूसुद्धा फायबर चढवून चढवून त्यांनी टकलासारखी गोल केली, आणि गाडी वळेल एवढीच फट मध्ये ठेवली, कारण मोठ्या फटीत वारा पडतो आणि बाहेर निघत नाही.

झालं. मालवणात असा माणूस उरला नाही ज्याने त्यांना सांगितलं नाही की मास्तर, होडी उलटी बसली. रस्त्यात मोटरसायकलवाले शेजारी येऊन मागे बोट दाखवायचे. एसटीच्या खिडकीतून लोक ओरडायचे. मास्तर प्रत्येकाला एकच सांगायचे. "बांगडो बघ. डोक्याकडे जाडो आणि शेपटाकडे बारीक. वारो फोडूक सोपो, रे. मागे परत मिटवचो तोच कठीण." आणि निघून जायचे. सांगितलेलं खरं होतं, पण चालत्या गाडीतून, बंद काचेआडून सांगितलेलं असायचं.

तळेऱ्याला, जिथे देवगडचा फाटा फुटतो तिथे, एका पोलिसाने थांबवलं. मास्तर अशा वेळी शुद्ध बोलायचे.

"हे काय आहे?"

"ट्रेलर आहे."

"मग होडी कुठे नेताय?"

"होडी नाही. आता तो मासा आहे."

पोलीस ट्रेलरभोवती फिरून आला. त्याने मागचं टोक हाताने दाबून बघितलं. मग जा म्हणून हात केला. तो हात देवगडच्या बाजूला झाला. मास्तरांना कणकवलीला यायचं होतं, पण सरकारी खूण म्हणून ते देवगडच्या रस्त्याला लागले आणि पुढे जागा बघून वळवून आणली.

आणि ते धाग्यांचं सांगायचंच राहिलं. एके सकाळी मास्तरांनी माझ्याकडे लोकर मागितली. माझ्याकडे लाल होती. त्यांनी तिचे वीतभर तुकडे केले आणि अख्ख्या होडीवर चिकटपट्टीने लावले, टाळूपासून शेपटापर्यंत. मी मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसून मोबाईलवर शूटिंग करायचं. धागा सरळ लोळत असेल तिथे वारा नीट जातोय, नाचत असेल तिथे भांडतोय. कट्टा गावाच्या पुढे सरळ रस्ता आहे, तिथे आम्ही खाली-वर खाली-वर करत होतो. चौथ्या वेळेला रस्त्याकडेच्या एका आजींनी हात जोडले. पाचव्या वेळेला त्यांच्या घरातले बाकीचेही बाहेर आले, आणि एकाने नारळ आणला होता. मास्तर थांबले नाहीत, कारण थांबले असते तर धागे पडले असते. मी स्कूटरवरून ओरडून सांगायचा प्रयत्न केला, पण उलटी होडी, लाल दोरे आणि मागून दोन मुली, ह्यात काय समजावणार. धागे मात्र शेवटपर्यंत सरळ होते. मास्तरांनी तो व्हिडिओ जेवताना बघितला, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना पण.

पण माल नव्हता. सगळ्यात वाईट ते होतं. शेजाऱ्यांनी एकदा म्हटलं, मास्तर, येताना चार पोती सिमेंट टाका ना त्यात. फुकट म्हटल्यावर मास्तरांनी नाही सांगितलं. फुकट ओढणारो तो दोस्त, म्हणाले, भाडा घेवन ओढणारो तो टग. मग भाडं सांगितलं, ते टेम्पोपेक्षा कमीच होतं. शेजाऱ्यांनी टेम्पो बोलावला. ज्याचं पुढचं-मागचं कळत नाही त्यात माल कोण घालणार, असं बाजारात सगळ्यांचं ठरून गेलं होतं. म्हणून मास्तर मातीच्या गोणी भरायचे. गोणी मालवणहून कणकवलीला जायच्या आणि त्याच गोणी परत यायच्या. कणकवलीत त्या गोणींना लोक ओळखायला लागले होते. संध्याकाळी मास्तर त्या उतरवून पडवीत रचायचे आणि टोपी काढून त्यांच्यावरच बसायचे.

आता जत्रा. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख कॅलेंडरवर नसते, देवीचा कौल झाला की कळते, आणि कळली की पूर्ण जिल्ह्यातले टेम्पो एका दिवसात बुक होतात. आईचं माहेर मसुऱ्याचं, आणि आंगणेवाडी ही मसुऱ्याचीच वाडी. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या दुकानांना खाजा करून द्यायची, त्या वर्षी मामाने खटपट करून तिला स्वतःची जागा मिळवून दिली होती. अट एवढीच की उन्हं तापायच्या आत जागेवर माल लागला पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला. आदल्या संध्याकाळी टेम्पोवाल्याने फोन करून सांगितलं की त्याला खेळण्यांच्या दुकानवाल्याने जास्त दिले.

आईने फोन ठेवला, डब्यांच्या रांगेकडे बघितलं आणि जिना चढायला लागली. मी मागोमाग.

मास्तर जेवत होते. आईने विचारलं, उद्या माल न्हेतलास? मास्तर उठले, हात धुतला, आत जाऊन टोपी घालून आले.

"माल काय?"

"खाजा. कढई, शेगडी, डबे, बाकडी."

"भाडा ठरव, वयनी."

आई म्हणाली तुम्ही सांगा. त्यांनी सांगितलं. आईने त्यातून थोडं कमी केलं, सवयीने. मास्तरांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं रडतायत. त्या भावात घासाघीस करणारं पहिलं गिऱ्हाईक होतं ते.

अडचण एकच होती. त्या दिवशी ते गोणी घेऊन कणकवलीला जाऊन आले होते, आणि त्या रात्री वाडीत लाईट नव्हती. सकाळी बॅटरीत थोडाच चार्ज होता. मास्तरांनी हिशोब केला. मसुरे काही लांब नाही, वाऱ्याचं सगळं आपल्या बाजूने आहे, सहज पोचतो. एक लांब भोंगा दिला आणि आम्ही सुटलो.

आईने पहिल्या वळणावर एसी लावला. मास्तरांनी बंद केला. आईने परत लावला आणि म्हणाली की घामान भिजून मी देवीसमोर जाणार नाही, भाडा ठरलाय. भाडं म्हटल्यावर मास्तरांनी बटणावरचा हात काढला.

जत्रेच्या गर्दीमुळे गाड्या आडवाटेने सोडल्या होत्या. पुढे गाड्या, मागे गाड्या, आणि सगळे चालत जाणाऱ्यांपेक्षा हळू. मास्तरांनी आकड्याकडे बघितलं. त्यांच्या माशाच्या आकाराचा सगळा फायदा वेगात होता, आणि वेग कोणी देत नव्हतं.

"ह्या स्पीडाक वारो लागणा नाय," हळूच म्हणाले.

मग घाटी लागली. चढावर वाऱ्याचं काही चालत नाही, तिथे नुसतं वजन बघतात. वजनात आईची कढई होती. अर्ध्या चढावर गाडी एकदम शांत झाली. ती आधीही शांतच होती, पण आता जास्त. ऊन रस्त्यावर आलं होतं. आई खिडकीबाहेर बघत होती आणि तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळून घेतलं होतं, सोडत होती, परत गुंडाळत होती.

मागून किनाऱ्यावरची माणसं जत्रेला चालत येत होती, रापणवाले, इस्त्रीचे शर्ट घातलेले. रापण म्हणजे ते मोठं जाळं, होडीने समुद्रात वेढून टाकतात आणि मग किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोर धरून सगळे मिळून ओढतात. त्यांच्यात पुढे एक म्हातारा होता, त्याला बाकीचे तांडेल म्हणत होते, म्हणजे त्यांचा मुख्य.

"काय मास्तर, टग बंद पडलो?"

"बंद नाय. चार्ज संपलो."

"तेकाच आमी बंद म्हणताव."

मास्तर उतरले. डिकीतून दोर काढला, बंदरातून आणलेला, मनगटाएवढा जाड, आणि गाडीच्या पुढे बांधून रस्त्यावर टाकला. धक्का द्या म्हणाले असते तर तिघे-चौघे आले असते. दोर बघितल्यावर सगळे आले. कोणी कोणाला काही सांगितलं नाही, बाह्या वर झाल्या, माणसं दोन्ही बाजूंना लागली, तांडेलाने सूर लावला आणि गाडी, आम्ही, उलटी होडी आणि खाजा, असे सगळे घाटी चढायला लागलो. मास्तर स्टेअरिंगवर. आयुष्यभर दुसऱ्यांना ओढलेला माणूस ओढला जात होता, आणि सरळ समोर बघत होता.

वर पोचल्यावर आई उतरून म्हणाली, देव तुमचा बरा करो. माणसांनी दोर खाली ठेवला आणि रस्त्याच्या कडेला ओळीने बसली. मला वाटलं दमली. पण कोणी उठेचना. शेवटी तांडेल म्हणाला, "वयनी, वाटो?"

किनाऱ्यावर नियम असा आहे की रापणीच्या दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. पाहुणा असो, रस्त्याने जाणारा असो, हात लागला की वाटा. ह्यात मस्करी नसते. मास्तर त्याच किनाऱ्यावर वाढलेले. ते सरळ मागे गेले आणि होडीच्या कड्या काढायला लागले.

"मास्तर, हात काढा थंयसून," आई म्हणाली.

"दोराक हात लागलो, वयनी. आता तेंचो वाटो आसा."

माणसं मोजायची मला हिंमत झाली नाही. एकेकाला ओंजळभर दिला तरी जागेवर लावायला डबे कमी पडणार होते. आई मधे येऊन उभी राहिली, होडीला पाठ लावून, आणि तांडेलाकडे बघून म्हणाली, "रापण किनाऱ्याक लागली काय?"

"लागली म्हणजे? वर ओढून हाडली."

"खंय हाडली? मासो अजून पाण्यात आसा. माझा दुकान थंय, देवळाच्या वाटेर. थंय पोचाक व्हया, विकूक व्हया, मगे वाटो. जाळा अर्ध्यात टाकून वाटो मागणारो तांडेल मी तरी बघूक नाय."

तांडेलाने विचार केला. खरंच केला, डोळे मिटून. मग उठला, पँट झटकली.

"ह्या बरोबर," म्हणाला. "धरा रे."

अशा रीतीने आम्ही आंगणेवाडीत शिरलो. मामा जागेवर दुसऱ्या कोणाशी तरी भांडत उभा होता, त्याने आम्हाला बघितलं आणि भांडायचं विसरला. जागा राहिली.

माल लावल्यावरही माणसं गेली नाहीत, कारण विकल्याशिवाय वाटा नाही हे त्यांनीच मान्य केलं होतं. ती विकायला लागली. त्यांना एकच माल विकता यायचा. त्यांनी आईचा तराजू बाजूला ठेवला आणि खाजा केळीच्या पानांवर मासळीसारखा मांडला, ढीग ढीग करून. एक जण ओरडत होता की कालचा नाय, आत्ता काढलेलो आसा. दुसरा एका मुंबईच्या बाईंना सांगत होता की रंग बघा, रंगावरून ताजेपणा कळता, बर्फाचो न्हय. बाईंनी वास घेऊन बघितला आणि दोन ढीग घेतले. देवीची ओटी भरून येणारे लोक आमच्यासमोर थबकायचे, घ्यायचे आणि मगच विचारायचे हे काय आहे. दुपार कलायच्या आत डबे रिकामे. मधल्या वेळात गाडी मामाच्या पडवीत प्लगला लावली होती, आणि मास्तर तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते.

वाट्यासाठी आईने एक डबा झाकून ठेवलेला होता. सगळे ओळीने बसले, आईने प्रत्येकाच्या रुमालात घातला, कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. मास्तर आले तेव्हा तिने त्यांच्यासमोरही धरला.

"माका वाटो नको," मास्तर म्हणाले. "टगाक वाटो नसता. भाडा असता."

आई थांबली. ती मापाची पक्की आहे, एक कांडी इकडची तिकडे करत नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "टग हेनी ओढलो. भाडा कसला?"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तांडेल आपल्या रुमालाची गाठ बघायला लागला. मास्तरांनी टोपी काढली. "ह्या बरोबर," एवढंच म्हणाले, आणि जाऊन ट्रेलरच्या चाकाशी बसले, जसे घरी गोणींवर बसायचे तसे.

आईने उरलेल्या कांड्या बांधल्या. कढई पुसली. शेगडी उलटी करून राख झाडली. मग त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "परतीचा काय घेतलास?"

मास्तरांनी मान वर केली.

"ह्यो सगळो संसार काय मी डोक्यार न्हेतलंय? कढई आसा, बाकडी आसत. भावान नारळांची पोती दिल्यान हत. भाडा सांगा."

मास्तरांनी सांगितलं. आईने कमी केलं. मास्तरांनी ह्या वेळी लगेच मान्य नाही केलं, थोडं वाढवून मागितलं. आई हो म्हणाली.

येताना रस्ता मोकळा होता आणि घाटी उताराची. इलेक्ट्रिक गाडीचं असं आहे की उतारावर पाय काढला की ती स्वतःच धरते, आणि चाकं फिरतात त्याचा करंट करून बॅटरीत परत भरते. मागून कढई, बाकडी आणि नारळ ढकलत होते, आणि पुढे आकडा वाढत होता. मास्तर बघत होते. आई एसी लावून झोपली होती. काचा बंद होत्या, आणि मागे होडी तिच्या शेपटाने वारा मिटवत येत होती, एकही माणूस बोट दाखवत नव्हता.

घरी पोचल्यावर सामान उतरलं आणि आईने परतीचं भाडं दिलं. मास्तरांनी ते उभ्याने घेतलं, दोन भाग केले, आणि एक भाग पायरीवर आईच्या बाजूला ठेवला.

"ह्या काय?"

"घाटयेर गाडी मालान ढकलली," मास्तर म्हणाले. "मालाचो वाटो."

माल आईचा, म्हणजे वाटा आईचा. तिने उचलला आणि कमरेला खोचला, वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. उरलेलं भाडं मास्तरांनी खिशात घातलं नाही. टोपी काढली, नोटा आत नीट बसवल्या, टोपी परत घातली, आणि ट्रेलर सोडवायला गेले.